एकतीस मार्चपर्यंतचं घर

कारेलीबागेत व्हीआयपी रोडवर, एल अँड टी सर्कलपाशी वुडा भवन आहे. वडोदरा शहरी विकास सत्तामंडळ हे त्याचं पूर्ण नाव, पण बडोद्यात ते बोलताना कुणी वापरत नाही. इथे येणाऱ्यांची कामं ठरलेली असतात. कुणाला बांधकामाच्या नकाशावर मंजुरी हवी असते, कुणाच्या शेतावर ‘टीपी पडली’ म्हणून तो कागद शोधत असतो, कुणी घरांच्या ‘ड्रॉ’ची चौकशी करायला येतो. (म्हाडाची ती लॉटरी किंवा सोडत, नर्मदा ओलांडली की तिचा ड्रॉ होतो.) हिशेबाची शाखा कुठे आहे हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कंत्राटदार विचारतात, तेही मार्च उजाडला की.

हा लेख त्या शाखेत बसणाऱ्या माणसाविषयी आहे. सरकारी घर म्हटलं की डोळ्यांपुढे भूमिपूजन करणारा मंत्री येतो, नाहीतर हेल्मेट घातलेला इंजिनिअर. पण काम मध्येच का थांबलं, चौथ्या मजल्याचे गज दोन पावसाळे गंजत का उभे राहिले, याचं उत्तर पुष्कळदा तिसऱ्याच माणसाच्या वहीत सापडतं. त्याची अडचण सांगायला सोपी आणि निस्तरायला अवघड आहे. इमारत उभी राहायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तिच्यासाठी ठेवलेला पैसा दर ३१ मार्चला मरतो. ही दोन पंचांगं एकमेकांशी जुळवण्यात त्याची सगळी नोकरी सरते.

त्याला धड एक नावही नाही. महाराष्ट्रात तो लेखाधिकारी किंवा वित्तीय सल्लागार, गुजरातेत हिसाबी अधिकारी. पेशवाईत फडणीस म्हटलं असतं, आणि नाना फडणवीसांमुळे त्या शब्दाला जे वजन होतं ते पुढे कुठल्या लेखाधिकाऱ्याच्या वाट्याला आलं नाही. बडोदा संस्थानाने मात्र असल्या शब्दांची फार काळजी घेतली होती. तिथे तालुक्याला वहिवटदार, जिल्ह्याला सुभा आणि सगळ्या सुभ्यांवर सरसुभा असे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या आर्थिक शोषणाचा इतिहास लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ साली बडोद्याच्या चाकरीत आले, ते ‘अमात्य’ या पदावर. महसूल आणि तिजोरी सांभाळणाऱ्या बंगाली माणसाला शिवकालीन पदनाम, हे बडोद्यातच शोभावं. पुढे १९३१ मध्ये सयाजीरावांनी ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी कारभारी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी मांडले आहेत. आजच्या मंत्रालयातल्या ‘पुनर्विनियोजना’ला हसणाऱ्यांनी तो एकदा चाळावा, ही धडपड जुनी आहे.

पण शब्दांच्या आधी पैसा. बडोद्याच्या तिजोरीला शिस्त लावणारा माणूस हिशेबाच्या कचेरीतूनच वर आलेला होता. टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, जन्म १८२८, कुंभकोणमचा. मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांनी नोकरी केली, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवलं, आणि १८५८ ते १८७२ त्याच संस्थानाचे ते दिवाण होते. मग इंदूर, आणि १८७५ मध्ये बडोदं. त्याच वर्षी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं होतं आणि नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला होता. मुलगा अक्षरं गिरवत असताना राज्य चालवायचं काम माधवरावांकडे आलं.

त्यांना जी तिजोरी मिळाली ती समजून घेण्यासारखी आहे. गायकवाडी राज्यात सरकारी खजिना म्हणजे बऱ्याच अंशी सावकाराची पेढी होती. हरिभक्ती आणि गोपाळराव मैराळ ही त्यातली बडी नावं. राज्याला पैसे लागले की हे पोतदार-सावकार उचल द्यायचे; मग गावोगावचा वसूल त्यांच्याकडे वळायचा, त्यातून व्याज आणि वर मनोती, म्हणजे हमी घेतल्याची दलाली, कापली जायची. वसूलही पुष्कळदा इजाऱ्याने दिलेला, म्हणजे इजारदाराने ठरावीक रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तितकं काढायचं. या व्यवस्थेत लढाया होतात, लग्नं होतात, हत्तींच्या साठमाऱ्या होतात. चार वर्षं चालणारं बांधकाम होत नाही. कारण तिसऱ्या वर्षी आपल्या हातात काय असेल हे राजालाच ठाऊक नसतं.

माधवरावांनी इजारे मोडीत काढायला घेतले, सावकारांचे आणि सरदारांचे दावे तपासून मिटवले, खात्यांची वाटणी केली आणि दरवर्षीच्या कारभाराचा छापील अहवाल सुरू केला. त्यांच्याच काळात बडोदा कॉलेज आणि सयाजीबाग आकाराला आली, लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम सुरू झालं. राजवाडा पुरा व्हायला १८९० उजाडलं, आणि तोवर माधवराव बडोदं सोडून आठ वर्षं झाली होती. आजव्याचं धरण आणि तिथून शहरात आणलेलं पाणी १८९२ चं, जगन्नाथ सदाशिव या संस्थानी इंजिनिअरचं. कारेलीबागेत ‘पाण्याची टाकी’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, आणि आजव्याचं पाणी शहर अजून पितं. दिवाण बदलला तरी काम चालू राहिलं याचा अर्थ इतकाच की पुढच्या वर्षीच्या कागदावर त्या कामाची ओळ कुणीतरी पुन्हा लिहिली. दरवर्षी.

एक गंमत सांगायला हवी. बडोद्याचं सरकारी वर्ष ३१ जुलैला संपत असे. जुन्या अहवालांच्या मुखपृष्ठावर ‘३१ जुलैअखेरच्या वर्षाचा’ असंच छापलेलं आहे. १ एप्रिल ही तारीख ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ पासून रूढ झाली. म्हणजे सयाजीरावांच्या लेखाधिकाऱ्याची घालमेल पावसाळ्यात व्हायची, आपल्याची उन्हाळ्यात होते. वर्ष जानेवारीपासून धरावं अशी शिफारस एल. के. झा समितीने १९८० च्या दशकात केली होती. ती तशीच राहिली.

१ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. मुंबई राज्याने तेव्हा नुकताच, १९४८ मध्ये, गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला होता, त्यामुळे अकरा वर्षं बडोदं, सुरत, पुणं आणि मुंबई यांच्या सरकारी घरांची गादी एकच होती. १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि मंडळंही. गुजरातने १९६१ चा आपला कायदा केला. महाराष्ट्रात मुंबईचं आणि विदर्भाचं मंडळ वेगळं चालत राहिलं, ती पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडात आली. कारेलीबागेतली वुडा त्याच सुमाराची, १९७८ ची. एकाच वाड्याच्या दोन वाटण्या झाल्या आणि मग दोघा भावांनी स्वयंपाकघरं वेगवेगळ्या दिशांना काढली, तसं पुढे झालं. ते कसं, हे पाहण्याआधी एक घर सरकारी वहीत कुठे लिहिलं जातं हे पाहू.

अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडली की शब्दांच्या आधी चार आकड्यांचे क्रमांक दिसतात. ही लेखाशीर्षं. पहिल्या आकड्यावरून पैशाची जात कळते. ० किंवा १ असेल तर जमा. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, म्हणजे रोजचा. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली, काहीतरी उभं करणारा. ६ किंवा ७ म्हणजे सरकारने दिलेलं कर्ज. ८ म्हणजे लोकलेखा, सरकारकडे विश्वासाने ठेवलेला दुसऱ्याचा पैसा. उरलेले तीन आकडे विषयाचे, आणि घरांचे तीन आकडे २१६. त्यामुळे खात्यातला मुरलेला माणूस गृहनिर्माण म्हणतच नाही. तो ‘बावीसशे सोळा’ आणि ‘बेचाळीसशे सोळा’ म्हणतो.

आता एक भिंत घ्या. विटा त्याच, सिमेंट तेच. पोलिसांसाठी सरकारने क्वार्टर बांधलं तर ती भिंत ४२१६ खाली जाते, कारण मालमत्ता सरकारची झाली. त्याच पैशांतून एखाद्या गरीब कुटुंबाला स्वतःचं घर बांधायला अनुदान दिलं, तर ती २२१६ ची. घर पन्नास वर्षं टिकेल, पण ते सरकारचं नाही. म्हणून हिशेबात तो खर्च पगार आणि टपालाच्या रांगेत जाऊन बसतो. आणि तीच भिंत बांधायला गृहनिर्माण मंडळाला उसने पैसे दिले तर ६२१६. क्वार्टरमधल्या पोलिसाच्या पगारातून जे परवाना शुल्क कापतात ते ०२१६ खाली परत येतं. संविधानाच्या २०२ व्या कलमाने महसुली खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ही नुसती कारकुनी हौस नव्हे. एका राज्याची महसुली तूट वाढली म्हणून वर्तमानपत्रं ओरडतात, तेव्हा त्या तुटीत लोकांच्या डोक्यावर चढलेली हजारो छपरंही असू शकतात. ती तिथे दिसत नाहीत, एवढंच.

या वर्गवारीचे परिणाम फार जिवंत असतात. समजा फेब्रुवारीत लक्षात आलं की अनुदानासाठी ठेवलेले पैसे उरणार आणि क्वार्टरचं काम पैशाअभावी अडलंय. आपण घरी काय करू? डाळीच्या डब्यातले काढून दुधाला देऊ. सरकारात यालाच पुनर्विनियोजन म्हणतात, पण महसुली डब्यातला पैसा भांडवली डब्यात टाकता येत नाही, आणि एका मागणीतला दुसरीत तर नाहीच नाही. त्यासाठी विधिमंडळाकडे पुरवणी मागणी घेऊन जावं लागतं. पैसे खरोखर उरलेले असतील तर नाममात्र रकमेची मागणी मांडून नुसती परवानगी घेतात. एवढ्यासाठी अधिवेशनाची वाट पाहायची, आणि अधिवेशन आपल्या स्लॅबच्या तारखेवर ठरत नाही.

म्हणून या माणसाचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं. वित्त विभागाचं परिपत्रक येतं, खालच्या कचेऱ्या पुढच्या वर्षाचे अंदाज पाठवतात आणि प्रत्येक पायरीवर कात्री लागते. लागणार हे ठाऊक असल्यामुळे खालचा माणूस आधीच फुगवून मागतो, आणि तो फुगवतो हे ठाऊक असल्यामुळे वरचा डोळे मिटून कापतो. या खेळात जो प्रामाणिकपणे नेमकी रक्कम मागतो तो मरतो. मग आठमाही सुधारित अंदाज: आठ महिन्यांत काय खर्च झालं, उरलेल्या चार महिन्यांत काय होईल. मार्चमध्ये अर्थसंकल्प, मागण्यांवर मतदान, विनियोजन विधेयक. वेळ कमी असेल तर लेखानुदान. आणि तिकडे अधिवेशन चालू असताना इकडे चालू वर्षाचा शेवट.

शेवटच्या पंधरवड्यातले दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. निधी खर्च होणार नाही असं दिसलं तर तो वेळेत ‘समर्पित’ करायचा. केला नाही तर तो ‘व्यपगत’ होतो. समर्पणाला एरवी आपल्याकडे केवढं पावित्र्य आहे! इथे समर्पण करणारा अधिकारी नापास समजला जातो. पुढच्या वर्षी त्याला ऐकवतात की गेल्या खेपेचे पैसे तरी कुठे खर्च झाले होते. त्यामुळे मार्चात बिलांचा पूर येतो. केंद्राच्या वित्तीय नियमांत हा पूर औचित्यभंग मानला आहे, आणि शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के, एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादा केंद्राने घालून दिली आहे. एक चोरवाट म्हणजे पैसे कोषागारातून काढून स्वीय प्रपंजी लेख्यात ठेवणं. कागदोपत्री खर्च झाला, प्रत्यक्षात पैसा निवांत झोपलेला. महालेखापालांचे अहवाल यावर वर्षानुवर्षं बोट ठेवतात. पण काढणाऱ्याची बाजूही आहे. तीन वर्षांच्या कामाला बारा महिन्यांचा पैसा दिला की माणूस भिंतीला भोक पाडणारच.

या दोन्ही खुर्च्यांवर, म्हणजे मागणाऱ्याच्या आणि कापणाऱ्याच्या, बसलेला मराठी अधिकारी म्हणून माधव गोडबोले यांच्याकडे पाहता येतं. लोकांना ते आठवतात केंद्रीय गृहसचिव म्हणून, कारण बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, डिसेंबर १९९२ मध्ये, ते त्या पदावर होते आणि मार्च १९९३ मध्ये, निवृत्तीला दीड वर्ष असताना, त्यांनी नोकरी सोडली. (मराठीत ‘गृह’ आणि ‘गृहनिर्माण’ यांत एवढं कमी अंतर आहे की एक खातं लाठ्या सांभाळतं आणि दुसरं विटा, हे नव्या माणसाला सांगावं लागतं.) आपल्याला रस आहे तो त्यांच्या आधीच्या वाटचालीत. जन्म १५ ऑगस्ट १९३६, आयएएसमध्ये १९५९, मुंबई विद्यापीठाची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट, अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात विकासाचं अर्थशास्त्र. यशवंतराव चव्हाणांचे सचिव, काही वर्षं मनिलाला आशियाई विकास बँकेत, महाराष्ट्राचे प्रधान वित्त सचिव, राज्य वीज मंडळाचे अध्यक्ष, मग केंद्रात पेट्रोलियम आणि नगरविकास या खात्यांचे सचिव.

यातलं शेवटचं खातं कमी ओळखलं जातं. दिल्लीचं नगरविकास खातं म्हणजे देशातला एक थोरला घरमालक. केंद्र सरकारी नोकरांची घरं, ती बांधणारा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, दिल्ली विकास प्राधिकरण, घरबांधणीला कर्ज देणारी १९७० ची हुडको, हे सगळं त्याच्या छत्राखालचं. ज्याने राज्याच्या वित्त विभागात बसून इतर खात्यांच्या मागण्या पारखल्या, त्याला तिथे स्वतःच्या मागणीचं समर्थन करावं लागतं. प्रशासकीय सेवेची ही रीतच आहे आणि मला ती तितकीशी वाईट वाटत नाही. दोन-तीन वर्षांत बदली झाल्याने अधिकाऱ्याचं कशातच मुरणं होत नाही ही तक्रार खरी. पण एकदा कापणाऱ्याच्या खुर्चीत बसून आलेला माणूस मागताना कमी फुगवतो, किंवा निदान फुगवलेलं ओळखतो.

गोडबोल्यांच्या पिढीतच महाराष्ट्राने एक मोठा प्रयोग करून पाहिला. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९८६-८७ मध्ये, शून्याधारित अर्थसंकल्प आला. कल्पना अमेरिकेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पीर यांनी ती मांडली, जिमी कार्टर यांनी आधी जॉर्जियात आणि मग वॉशिंग्टनला नेली. गेल्या वर्षी दिले होते म्हणून यंदा द्यायचे नाहीत. प्रत्येक योजनेने दरवर्षी शून्यापासून स्वतःची गरज सिद्ध करायची. मेलेल्या योजनांचे पगार चालू असतात, तिथे हा उतारा नामी आहे. घरांच्या बाबतीत मात्र तो अडखळतो. अर्धी बांधलेली इमारत शून्यावर कशी आणणार? तिचं शून्य जमिनीखाली, पायात गाडलेलं आहे. तिथे प्रश्न उरतो तो एकच, उरलेले पैसे किती आणि कधी. चालू कामं आधी, नवी नंतर, हा जुना कंटाळवाणा नियम पाळला तर बरीचशी घरं पुरी होतात. पण नव्या कामाला नारळ फुटतो, जुन्याला नाही.

गोडबोल्यांचं नाव आणखी एका कागदाला जोडलेलं आहे, आणि तो घरांचा नसूनही इथे लागू पडतो. २००१ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची वीज राज्याला झेपेना, तेव्हा नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या प्रकरणातून सामान्य वाचकाला कळलेली गोष्ट म्हणजे सरकारी हमी. मंडळ कर्ज काढतं किंवा करार करतं, आणि ‘त्याने दिले नाहीत तर मी देईन’ असं सरकार लिहून देतं. त्या दिवशी तिजोरीतून एक पैसा जात नाही, म्हणून ते खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. घरबांधणीतही हाच मार्ग रुळलेला आहे. हुडकोसारख्या संस्थेकडून मंडळं राज्याच्या हमीवर कर्ज घेतात. घरं विकली गेली आणि हप्ते आले तर कुणाला काही कळतही नाही. नाही आले, तर दहा वर्षांनी ती हमी दुसऱ्याच कुठल्या तरी अर्थमंत्र्याच्या दारात उभी राहते.

आता त्या वेगळ्या झालेल्या स्वयंपाकघरांकडे वळू. तिजोरीत पैसा पुरत नाही हे दोन्ही राज्यांना कळलं होतं, आणि दोघांनीही पैशाऐवजी जमीन वापरायचं ठरवलं, निरनिराळ्या तऱ्हेने. मुंबईने हवेतली जमीन वापरली. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं: विकासकाने झोपडीवाल्याला फुकट घर द्यायचं आणि बदल्यात जादा चटईक्षेत्र बाजारात विकायचं. सरकारी खर्चाच्या रकान्यात शून्य. पण ही व्यवस्था बाजारभावावर चालते, म्हणजे जागा महाग तिथे विकासकांची झुंबड आणि स्वस्त तिथे कुत्रं फिरकत नाही.

गुजरातने जमिनीवरची जमीन वापरली. कारेलीबागेच्या वुडा भवनात जो शेतकरी ‘टीपी पडली’ म्हणून कागद शोधत होता, त्याची ही गोष्ट. टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. तिचा मूळ कायदा मुंबई इलाख्याचाच, १९१५ चा, महाराष्ट्रालाही वारशाने मिळालेला. गुजरातने तो १९७६ च्या कायद्यात नव्याने मांडला आणि नेटाने वापरला. एका भागातली सगळी शेतं कागदावर एकत्र करतात, वाकडेतिकडे बांध पुसतात, रस्ते आखतात, आणि प्रत्येकाला त्याच परिसरात सरळ कडांचा लहान तुकडा परत देतात. मूळचा तो ओरिजिनल प्लॉट, परतीचा तो फायनल प्लॉट. बोलताना ‘ओपी’ आणि ‘एफपी’. योजनेच्या एकूण क्षेत्रातून रस्त्यांना १५ टक्क्यांपर्यंत, बागा आणि मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांना ५, सत्तामंडळाने विकून खर्च भागवावा म्हणून १५, आणि दुर्बळ घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत राखता येते.

या सगळ्याचा हिशेब ‘एफ फॉर्म’ नावाच्या एका लांबलचक तक्त्यात असतो, आणि एका शहराचं अर्थशास्त्र इतकं उघडं मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ओळीत मालकाचं नाव, ओपीचं क्षेत्रफळ, त्याची किंमत, एफपीचं क्षेत्रफळ, रस्ते-गटार न धरता त्याची किंमत आणि धरून किंमत. दोन्हींतला फरक म्हणजे योजनेमुळे झालेली वाढ; त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत मालकाकडून वर्गणी घेता येते. गेलेल्या जमिनीची भरपाई तिच्यातून वळती होते, आणि शेवटच्या रकान्यात कुणी कुणाला किती द्यायचे तो आकडा उरतो. इथे लेखाधिकारी आणि नगररचनाकार शेजारी बसतात, कारण रस्ता दोन मीटर सरकला की शंभर आकडे बदलतात.

जमीन ३१ मार्चला मरत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. तोटा असा की ती जगते पण सावकाश हलते. एक टीपी अंतिम व्हायला इतकी वर्षं लागू शकतात की शेतकऱ्याचा मुलगा वुडा भवनाच्या पायऱ्या झिजवू लागतो. आणि राखलेल्या १० टक्क्यांवर भिंती उभ्या करायला पैसा लागतोच. तो वरून येतो. शहरांसाठीच्या २००५ च्या केंद्रीय नेहरू अभियानात बडोदं निवडलेल्या शहरांत होतं. गरिबांच्या घरांना अशा दशलक्षी शहरात निम्मा वाटा केंद्राचा. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतल्या घरामागे केंद्राचे दीड लाख, तेही ४०, ४० आणि २० टक्क्यांच्या तीन हप्त्यांत. पहिला हप्ता वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा नाही. म्हणजे केंद्राचा पैसा राज्याच्या, राज्याचा शहराच्या आणि शहराचा कंत्राटदाराच्या ३१ मार्चमधून जायचा. एकाने जरी प्रमाणपत्र एप्रिलमध्ये पाठवलं तरी मधला पावसाळा गेला.

हे सगळं जुळवणारा माणूस स्वतः कुठला? वरचा अधिकारी आयएएसचा; त्याला फाइल ओळखेपर्यंत बदली येते. खरा टिकणारा तो राज्याच्या वित्त आणि लेखा सेवेतला. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन किंवा लेखा लिपिकापासून खात्यांतर्गत परीक्षा देत-देत आलेला, आणि मंडळात किंवा सत्तामंडळात पुष्कळदा प्रतिनियुक्तीवर. मंडळातले लोक त्याला वित्त विभागाचा हेर समजतात, वित्त विभाग त्याला मंडळाला फितूर समजतो. दोघेही थोडे बरोबर असतात. तो निवृत्त झाला तरी त्याच्या सह्यांवरचे लेखापरीक्षणातले आक्षेप लोकलेखा समितीपुढे फिरत राहतात.

त्याच्या घराचाही हिशेब या पुस्तकांत असतो. नोकरीभर तो सरकारी क्वार्टरमध्ये राहिला असेल तर गळक्या छताची दुरुस्ती २२१६ मध्ये ‘०५३, परिरक्षण व दुरुस्ती’ या गौण शीर्षाखाली. त्या ओळीला पैसा शेवटी मिळतो आणि तिचं उद्घाटन कधी होत नाही. स्वतःचं घर बांधायला घरबांधणी अग्रिम घेतला असेल तर तो ७६१० खाली, शासकीय कर्मचाऱ्यांना दिलेली कर्जं. केंद्राच्या पद्धतीत त्याची फेड वेगळी असते: जास्तीत जास्त १८० हप्ते मुद्दलाचे, आणि मुद्दल फिटल्यावर ६० हप्ते नुसत्या व्याजाचे. वीस वर्षं. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडावं लागतं. नाही सोडलं तर दंडाच्या दराने भाडं लागतं, आणि ते जमा कुठे होतं हे त्याला कुणी सांगायला नको. सरकारी माणूस वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. ज्याचा वाढदिवस मार्चात येतो त्याचा निरोप समारंभ ३० तारखेला उरकलेला बरा, कारण एकतीसला हिशेबाच्या शाखेत हार घालायला कुणाचे हात मोकळे नसतात, आणि त्याचे तर नसतातच.